लाल वर्तुळातलं गाव

शेवटी शेवटी भामाबाईला सुनेचं नाव आठवत नसे, पण ड्रोन आठवत असे. माधुरी समोर ताट घेऊन उभी राहिली की ती म्हणायची, "तू कुनाची गं?" आणि माधुरीनं "तुमचीच, आत्या" म्हटलं की हसून विचारायची, "मग आज इमान न्हाई का उडवायचं?"

ड्रोनला ती पहिल्या दिवसापासून इमानच म्हणायची. चिंचमाळच्या रमाई महिला बचत गटाला सरकारी योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो चालवायला गटानं माधुरीला पुढं केलं, कारण बारावी झालेली तीच एक होती. प्रशिक्षणाला जाताना ती घाबरली होती. परत आली ती गळ्यात ओळखपत्र घालून. पहिली फवारणी गावातल्या बागायतदार गोरक्षनाथच्या वाटाण्यावर झाली. ड्रोन बांधावरून वर उठला, पाती गरगरली, धुरळा उडाला, आणि बौद्धवस्तीतून अख्खं गाव ओलांडून भामाबाई काठी टेकत तिथं येऊन उभी राहिली. ह्याच रानात तिनं उभा जन्म खुरपणी केली होती. डोक्यावर पदर घट्ट धरून तिनं ड्रोन या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना पाहिला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "सून हाय माझी. रानात पाय बी न्हाई ठिवला तिनं."

तेव्हापासून हा नेमच झाला. ड्रोन जिथं उडेल तिथं भामाबाई. गोरक्षनाथची डाळिंबं असोत, की कुणाचा कांदा, नाही तर ज्वारी. आवाज कानावर पडला की हातातलं टाकून ती निघायची. पुढं तिला विसर पडायला लागला. आधी चुलीवरचं दूध, मग घरची वाट, मग माणसं. पारनेरचे डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार. माणसानं सोबत राहायचं, एवढंच औषध." तेव्हाही ड्रोनचा आवाज मात्र तिच्या डोक्यात जागच्या जागी राहिला. एकदा उन्हाळ्यात ती घरातून निसटली. माधुरीचा नवरा सचिन मोटारसायकलवर वाड्या-वस्त्या पालथ्या घालत होता आणि माधुरी तिकडं ओढ्यापलीकडं फवारणी करत होती. तिला तर काही ठाऊकही नव्हतं. टाकी भरायला ड्रोन खाली घेतला तर सासू बांधावर बसलेली, पदराला कुसळं लागलेली. "दमलीस का गं?" तिनं सुनेला विचारलं होतं.

मग गावाच्या पूर्वेला वीजकेंद्र आलं. सुप्याच्या कारखान्यांना लागणारी वीज तिथून जाणार होती. उंच भिंत, त्यावर काटेरी तारा, आत लोखंडी मनोरे. गावानं त्याचं कौतुकच केलं. आता तरी दिवसा लाईट राहील अशी आशा होती. त्याच्या मागोमाग नियम आला. धरणं, वीजकेंद्रं, गॅसच्या लाइनी अशा जागांभोवती राज्यात कुठंच परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. दिवस असे होते की सीमेवरच्या बातम्यांत रोज ड्रोन दिसायचे, त्यामुळं ग्रामसभेत नियम वाचून दाखवला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. माधुरीलाही तो चुकीचा वाटला नाही. फक्त त्या वर्तुळात आपलं सगळं गाव बसतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. रिमोटच्या नकाशावर चिंचमाळ लाल झालं होतं. गावठाण, ओढा, गोरक्षनाथची बाग, सगळं. एकट्या पश्चिमेच्या माळाला तेवढा रंग लागला नव्हता.

ती बटण दाबत राहिली. पाती हललीच नाहीत.

कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, ते वरूनच बंद झालंय. आमच्यापण हातात नाही. परवानगी काढा, मग उघडेल." परवानगीसाठी तिनं आणि गटाच्या बायकांनी पारनेरला, नगरला खेटे घातले. कुणी वाईट बोललं नाही. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवायचा आणि खुर्ची द्यायचा. शेवटी ड्रोन पडवीत ताडपत्रीखाली गेला आणि माधुरी पुन्हा कांद्याच्या लागणीला जायला लागली.

हे सगळं भामाबाईला सांगायचं कसं? ती रोज ताडपत्रीचं टोक उचलून बघायची. "आज न्हाई का?"

"आज वारा हाय, आत्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज?"

"आज औषध संपलंय."

कधी आभाळ यायचं, कधी पंखा मोडायचा. माधुरी रोज नवं कारण काढायची. खरं सांगितलं असतं तरी ते संध्याकाळपर्यंत विसरलं गेलं असतं, पण खरं सांगताना म्हातारीचा चेहरा पडायचा, तो तिला बघवत नव्हता.

पौषातली गोष्ट. थंडी अशी की सकाळी कांद्याच्या वाफ्यात हात घातला तर बोटं वाकायची नाहीत. त्या दिवशी माधुरी लागणीला गेली होती, सचिन कारखान्यात पहिल्या पाळीला. भामाबाईजवळ शेजारची बनुबाई बसली होती. दोघी उन्हाला बसून शेंगा फोडत होत्या. उन्हाच्या उबेनं बनुबाईचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेंगांचं सूप तिथंच होतं, भामाबाई आणि तिची काठी नव्हती.

माधुरी धावत घरी आली तेव्हा पडवीतली ताडपत्री अर्धी ओढलेली दिसली. बनुबाई कपाळावर हात मारून रडत होती. "झोप लागली गं मला. कशी लागली, कळलंच न्हाई."

"राहू दे मावशी. सापडत्याल," माधुरी म्हणाली. तिला तेव्हा तसं वाटतही होतं.

दुपारभर गाव शोधत होतं. मारुतीच्या देवळावरच्या आणि विहारातल्या, दोन्ही स्पीकरवरून पुकारा झाला. पोरं ओढ्यानं गेली, बाया ज्वारीत शिरल्या. ज्वारी पुरुषभर उंच होती आणि दाट. दोन ओळींच्या आत माणूस बसलं तर बाहेरच्याला दिसणार नाही. आणि भामाबाई हाकेला ओ देणाऱ्यांतली राहिली नव्हती. माणसं घोळक्यानं ओरडत आली की ती भ्यायची. मागंही एकदा अशी हाका ऐकून ती कडब्याच्या गंजीमागं अंग चोरून बसली होती. माधुरीला ते आठवत होतं. "ओरडू नका, हळू हाका मारा," ती सगळ्यांना सांगत होती; पण घाबरलेली माणसं हळू बोलत नाहीत.

सचिन कारखान्यातून तसाच गणवेशात आला. तिला पाहिल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "इमान?"

तिच्याही मनात तेच होतं. दोघांनी ड्रोन उचलून अंगणात आणला. माधुरीनं हात फिरवून पात्यांवरची धूळ पुसली, बॅटरी बसवली. पडून पडून बॅटऱ्या फुगल्या होत्या, त्यातल्या त्यात बऱ्या दोन निघाल्या. रिमोट सुरू झाला. नकाशा आला, लाल. तिनं दोन्ही दांड्या खाली ओढून धरल्या. रिमोटमधून एक टूं असा आवाज आला आणि पडद्यावर 'या भागात उड्डाणाला परवानगी नाही' असं वाक्य उमटलं.

"परत एकदा बघ ना," बनुबाई म्हणाली.

तिनं परत बघितलं. परत टूं.

पोलीस पाटील गहिनीनाथ पोरांसोबत ओढ्यावरून आले होते, तेही अंगणात उभे होते. त्यांनी सुपा पोलीस ठाण्याला फोन लावला, हरवल्याची खबर दिली आणि ड्रोनचंही विचारलं. बोलता बोलता ते बाजूला गेले आणि परत आले तेव्हा माधुरीकडं न बघता म्हणाले, "सायेब चांगला हाय. म्हनाला, म्हातारीसाठी मानसं पाठवतो. पन ड्रोनची परवानगी ठान्यातनं मिळत न्हाई. वीजकेंद्राचं पत्र पायजे, मग जिल्ह्याचं."

"ते मिळंल का आज?"

"विचारून बघू. चल."

वीजकेंद्राच्या दारावर एरवी कुणाला उभं करत नसत. त्या दिवशी केलं. तिथली अभियंता निकिता म्हणून एक तरुण मुलगी होती. तिनं दोघांना आत घेतलं, माधुरीला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"माझी आजी अशीच आहे," ती म्हणाली. "ताई, माझ्या एकटीच्या हातात असतं तर आत्ता हो म्हटलं असतं. मी वर मेल करते, फोनही करते." तिनं खरंच फोन केले. माधुरी समोर बसून ऐकत होती. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण निकिताचा आवाज प्रत्येक फोनगणिक खाली जात होता. शेवटी तिनं फोन टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी बैठक घेऊन ठरवतील म्हणतात. आणि समजा आज हो म्हणाले, तरी ते कुलूप काढणारं ऑफिस दिल्लीत आहे. ते पाचला बंद होतं."

"थंडी लई हाय हो मॅडम."

"माहितीये मला." निकितानं केंद्राचे दोन पहारेकरी आणि मोठे टॉर्च शोधाला दिले. फाटकापर्यंत ती स्वतः सोडायला आली. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी माधुरीला राग येईना. रागवायला कुणी सापडलं असतं तर निदान पायात बळ आलं असतं.

फाटकाबाहेर गहिनीनाथ थांबले. पश्चिमेकडं बघत म्हणाले, "माळ लाल न्हाई, असं तूच म्हनत हुतीस ना?"

"न्हाई लाल."

"मग तिथनं उडव की. कॅमेरा गावापातुर पोचायचा न्हाई, पन आवाज पोचंल. वारं पडलंय. म्हातारी आवाजावर येती, सगळ्या गावाला ठावं हाय."

हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं माधुरीला झालं. सचिनला घेऊन, टेम्पोत ड्रोन घालून तिघं निघाले. गावातून माळाकडं जाणारा रस्ता ज्वारीच्या पट्ट्यातून, मग गोरक्षनाथच्या डाळिंबाच्या बागेच्या आणि शेततळ्याच्या कडेनं जातो. माळावर पोहोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. खाली गाव दिसत होतं, ज्वारीतून फिरणारी माणसं दिसत होती, आणि त्यांच्या पलीकडं मनोऱ्यांवरचे लाल दिवे लागत होते.

रिमोटवर नकाशा आला. त्यांची जागा रेषेच्या बाहेर होती. माधुरीनं दांड्या ओढल्या आणि पाती फिरायला लागली. किती महिन्यांनी तो आवाज झाला होता. सचिनला रडू फुटलं, त्यानं तोंड फिरवलं.

तिनं ड्रोन वर नेला, गावाच्या दिशेनं पुढं ढकलला. रेषेपाशी तो आपोआप थांबला, जणू पुढं भिंत होती. तिनं दांडी पूर्ण पुढं दाबून धरली, तो तिथंच गुरगुरत राहिला. मग ती त्याला रेषेच्या कडेकडेनं चालवायला लागली. डावीकडं, परत उजवीकडं. पडद्यावर डाळिंबाच्या बागेच्या शेंड्यापलीकडं सगळं धूसर होतं. एकदा तिला ज्वारी हलल्यासारखी वाटली. एकदा पांढरं काही दिसलं, ती खताची गोणी निघाली.

"या आत्या," ती पुटपुटत होती. "या. उडवलंय बघा."

पहिली बॅटरी लवकर उतरली. ड्रोन खाली घेताना ती म्हणाली, "अंधार पडतोय."

"दुसरी लाव," सचिन म्हणाला. "आवाज यायचा थांबला तर ती वाटंतच बसंल. लाव दुसरी."

तिनं दुसरी लावली. ती तर निम्म्यातच धोका दाखवायला लागली. ड्रोन खाली टेकला, पाती थांबली आणि माळावर एकदम शांत झालं. तिघंही कान देऊन उभे राहिले. खालून माणसांच्या हाका येत होत्या, कुत्री भुंकत होती. काठी टेकत येणारं कुणी नव्हतं. ते पुष्कळ वेळ थांबले. नंतर टॉर्च घेऊन उतरले, उतरताना दोन्ही बाजूंनी बघत गेले. रात्री कुणी झोपलं नाही.

उजाडता उजाडता गोरक्षनाथ पळत वस्तीत आला.  सचिनचा दंड धरून तो त्याला ओढायला लागला, तेव्हाच माधुरीला कळलं.

शेततळ्याच्या पाण्यावर काठी तरंगत होती. तळ्याला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, उतार गुळगुळीत. त्यात पाय गेला तर धडधाकट माणसालाही वर येता येत नाही. गळ टाकून भामाबाईला वर काढलं. डोक्यावरचा पदर तसाच होता. माधुरीनं तिचे पाय पुसले आणि आपली शाल तिच्यावर घातली. आता घालून काय उपयोग, हे समजत असूनही शाल नीट सरळ करत राहिली.

विहारासमोरून भामाबाईला नेलं तेव्हा सगळं गाव होतं. तिसऱ्या दिवशी सुपा ठाण्यात जबाब झाले. एका बाकावर माधुरी, सचिन, गहिनीनाथ, दुसऱ्यावर गोरक्षनाथ. तो दोन दिवसांत खंगल्यासारखा दिसत होता. तळ्याला कुंपण नव्हतं, म्हणून आपल्यावर येणार अशी त्याला धास्ती होती. हवालदारानं विचारायच्या आतच तो सांगायला लागला.

"सायेब, मी त्या दिवशी तळ्यावर गेलतो. दिवस मावळायच्या आधी, मोटार बंद करायला. म्हातारी हरवल्याचं ठावं हुतं म्हनून चारी बाजूनं फिरून बगितलं. काय नव्हतं तिथं. पानी स्वच्छ हुतं. पोरांच्या आनेवर सांगतो, काठी-बिठी काय नव्हती."

हवालदार लिहून घेत होता. गोरक्षनाथ खरं बोलत होता, हे त्याच्याकडं बघून कुणीही सांगितलं असतं. आपण काय बोललो हे त्याला उमजलं नव्हतं. गहिनीनाथांना उमजलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि जमिनीकडं बघत राहिले.

माधुरीला डाळिंबाची बाग दिसायला लागली, बागेच्या एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला माळ. मधे तळं. ज्वारीतून उठून आवाजाकडं सरळ चालत निघालं तर दुसरी वाटच नाही.

"तुमचं लिहू," हवालदार तिला म्हणाला. तिनं सांगितलं. विसर कधीपासून, घरातून कधी गेली, कुठं शोधलं. ड्रोनचंही सांगितलं. त्यानं विचारलं, "हद्दीच्या बाहेरून उडवला ना?" ती हो म्हणाली. "मग त्यात काही नाही," तो म्हणाला आणि पुढं गेला. शेवटी, नेहमी विचारतात तसं त्यानं विचारलं, "मृत्यूबाबत तुमची कुणावर काही तक्रार, कुणाचा संशय?"

समोर गोरक्षनाथ श्वास धरून बसला होता. त्याच्या रानात तिच्या सासूचा जन्म गेला होता आणि माधुरीला ड्रोनचं पहिलं काम त्यानंच दिलं होतं. तिला निकिता आठवली, फाटकापर्यंत आलेली. बनुबाई तर तेव्हापासून जेवली नव्हती. नियम कुणी केला होता ते तिला ठाऊक नव्हतं. आणि कुणीतरी वीजकेंद्रावर ड्रोन सोडेल ही भीतीही खोटी नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

"कुणावरच नाही?"

"कुनावर न्हाई."

त्यानं तसं लिहिलं. तिनं सही केली. गोरक्षनाथ उठून हात जोडायला लागला, तर तिनं त्याला खूण करून बसवलं.

परत येताना सचिन मोटारसायकल हळू चालवत होता. पुणे-नगर रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते.  मग तो मान थोडी मागं करून म्हणाला, "काठी कागदाखाली अडकली असंल. त्याला दिसली नसंल तवा."

"असंल."

"मानूस बुडाल्यावर पानी निवळतं. वरनं कळत न्हाई काय."

"व्हय."

चिंचमाळच्या फाट्याच्या अलीकडं त्यानं गाडी एका कडेला घेतली आणि बंद केली. हँडल दोन्ही हातांनी धरून तो तसाच बसून राहिला.

"दुसरी बॅटरी लाव, असं मीच म्हनलो हुतो," तो म्हणाला.

माधुरीला त्याला सांगायचं होतं की पहिली तिनंच लावली होती, की माळ गहिनीनाथांनी सुचवला होता, की त्या वेळी दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.  तिनं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यानं एकामागून एक गाड्या जात राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले, गाडीला किक मारली, आणि दोघं फाट्यावरून आत वळले.